शब्द कोणाला चिकटतो

२०२० चा मार्च अर्धा सरला होता. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीला कुलूप लावून तो कारंज्याच्या रात्रीच्या गाडीत बसला, तेव्हा पाठीवरच्या पिशवीत दोन जोड कपडे, कंपनीचा लॅपटॉप आणि चार्जर एवढंच होतं. पंधरा दिवसांत परतू असा हिशेब. प्रत्यक्षात तो इंझोरीतून हलला पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत, तूर निघाल्यावर.

इंझोरी वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात. त्याच्या जन्मदाखल्यावर मात्र जिल्हा अकोला आहे, कारण वाशीम जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला आणि तोवर हा नऊ वर्षांचा होता. कुठल्याही फॉर्मवर ‘जन्माचा जिल्हा’ असा रकाना आला की त्याचा पेन क्षणभर अडखळतो. कंपनीत त्याला सगळे ‘इंझोरीकर’ म्हणतात. ते त्याचं आडनाव नाही. पहिल्या दिवशी कुणी तरी गाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि नाव चिकटलं. त्याचं काम सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरचं: सर्व्हर चालू ठेवणं, बॅकअप घेणं, आणि रात्री दोनला फोन आला तर उचलणं.

घरात रेंज नव्हती. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या बाजूला, दोन काड्या यायच्या. वारा सुटला की त्याही जातात असं घरच्यांचं मत होतं. व्हिडिओ मीटिंगमध्ये त्याचा चेहरा पहिल्या मिनिटालाच गोठायचा. सर्व्हरची तब्येत दाखवणारं रंगीत पान ब्राउझरमध्ये अर्धं उघडून थांबायचं. चालायची ती फक्त काळी खिडकी. एसएसएचनं सर्व्हरला जोडून घेतलं की एका अक्षरामागे थोडेसेच बाइट जातात-येतात, आणि तेवढ्याला दोन काड्या पुष्कळ झाल्या. पुण्यात माउसनं उरकणारी कितीतरी कामं इथे लिहून करावी लागली.

सात वर्षं तो कमांड लिहीतच होता. पण लिहिलेली कमांड पलीकडे वाचली कशी जाते, याकडे त्यानं नीट पाहिलं ते त्या गच्चीवर. कारण साधं होतं. रेंज गेली की टंकलेली ओळ दोन-दोन मिनिटं पडद्यावर उमटायची नाही, आणि चुकली तर पुन्हा तेवढाच वेळ. मग एंटर दाबण्याआधी ओळ एकदा वाचून पाहायची सवय लागली. आपल्या नजरेनं नव्हे, प्रोग्रामच्या नजरेनं.

त्या नजरेला सगळ्यात आधी दिसते ती मोकळी जागा. शेल नावाचा मधला दुभाषा ओळीचे तुकडे पाडतो आणि ते मोकळ्या जागेवर पाडतो. मोडी लिहिणाऱ्या कारकुनांचं त्याच्याशी कधीच जमलं नसतं. ते आधी आडवी रेघ ओढायचे आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचे. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद वाचणारे आजही तेच करतात. शेलला ती कला नाही. ‘इंझोरी यादी’ नावाची फाइल अवतरणचिन्हांत न घालता दिली की त्याला ‘इंझोरी’ ही एक आणि ‘यादी’ ही दुसरी फाइल दिसते. चांदणीचं चिन्ह दिसलं तर त्याच्या जागी तो फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं भरून टाकतो. एवढं झालं की तुकड्यांची ती माळ प्रोग्रामच्या हाती दिली, शेल मोकळा.

पुढे त्यातला कोणता तुकडा ऑप्शन, कोणता त्या ऑप्शनची व्हॅल्यू आणि कोणतं नुसतंच फाइलचं नाव, हे प्रोग्राम आपापलं ठरवतो. हायफनला काही खास अर्थ आहे हे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गावीही नसतं. ती प्रोग्रामांची आपसांतली रीत आहे, आणि रीत म्हटली की घरोघरची वेगळी.

जूनमध्ये पेरणी आली. वडिलांनी त्याला कृषी केंद्रावर पिटाळलं. “वीस-वीस-शून्य-तेराच्या चार बॅगा आण. नसन तं दहा-सव्वीस-सव्वीस पाय.” दुकानापुढे चुन्यानं आखलेल्या गोलांत रांग लावून उभं असताना त्याचं लक्ष थप्पीवरच्या बॅगांकडे गेलं. २०:२०:०:१३. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा, चौथा गंधकाचा. आकड्याला नाव लावलेलं नाही. जागा हेच त्याचं नाव. म्हणून पालाश अजिबात नसलं तरी तो शून्य छापावाच लागतो. गाळला तर तेरा एक घर अलीकडे सरकतील आणि गंधकाचं पालाश होऊन बसेल. कमांड लाइनवर याला पोझिशनल आर्ग्युमेंट म्हणतात. फाइलीची नक्कल करणाऱ्या ‘सीपी’ला दोन नावं दिली की पहिलं कुठून आणि दुसरं कुठे, हे जागेवरूनच ठरतं. कंपनीत नव्यानं आलेल्या मुलांना तो आता हे खताच्या बॅगेवरून सांगतो. शहरातल्या मुलांना आधी खत समजावून द्यावं लागतं, तो भाग वेगळा.

याच्या अगदी उलट टोकाला ‘डीडी’ ही कमांड. तिच्यात हायफन नाहीत. इनपुट फाइलसाठी ‘आयएफ’ आणि आउटपुटसाठी ‘ओएफ’, पुढे बरोबरचं चिन्ह, त्याला लागून नाव. युनिक्समध्ये ती पाहुणी वाटते, कारण तिची बोली बाहेरची आहे: आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर जॉब कंट्रोल लँग्वेज चालायची, त्यातल्या ‘डेटा डेफिनिशन’ या विधानावरून ती उचललेली. इथे क्रम कसाही लिहा, नाव बरोबर असल्यामुळे अर्थ बदलत नाही. नावांचीच अदलाबदल झाली तर मात्र भरलेली डिस्क रिकाम्या डिस्कवर जायच्या ऐवजी रिकामी डिस्क भरलेल्यावर जाते. ‘डीडी’ विचारत नाही, थांबवत नाही. इंझोरीकरानं ही चूक अजून केलेली नाही. करणाऱ्याच्या शेजारी मात्र तो बसला होता.

आपल्या भाषेचा ओढा कुणीकडे? ‘वडिलांनी मुलाला पैसे दिले’ हे वाक्य ‘मुलाला पैसे वडिलांनी दिले’ असं फिरवलं तरी पैसे त्याच खिशातून त्याच खिशात जातात, कारण ‘नी’ आणि ‘ला’ आपापल्या शब्दाबरोबर फिरतात. विभक्ती शब्दाला चिकटलेली असली की जागेची सक्ती राहत नाही. १९८३ मध्ये जाहीर झालेल्या ग्नू प्रकल्पाच्या लोकांनी कमांड लाइनवर जवळपास हेच केलं. दोन हायफन आणि पूर्ण शब्द अशी लांब नावं रुळवली, आणि ऑप्शन फाइलींच्या नावांआधी या की नंतर या, आम्ही शोधून काढू अशी मोकळीक दिली. पॉझिक्स या प्रमाणाचा नियम मात्र कडक आहे: ऑप्शन आधी, बाकीचं मागून. पॉझिक्स हे नाव सुचवणारे ग्नूचेच रिचर्ड स्टॉलमन, पण नियमाच्या बाबतीत ग्नूची मंडळी आपल्या वळणानं गेली. ज्यांना कडक रीतच हवी असेल त्यांच्यासाठी ‘पॉझिक्सली करेक्ट’ नावाचा एक व्हेरिएबल त्यांनी ठेवला आहे. तो कुणी मुद्दाम लावून ठेवल्याचं इंझोरीकराच्या पाहण्यात नाही.

घरोघरची रीत म्हणजे काय, ते त्याला नोकरीच्या पहिल्याच वर्षी, २०१३ मध्ये, समजलं होतं. समजलं म्हणण्यापेक्षा भोवलं.

एका सर्व्हरचा रोजचा रात्रीचा बॅकअप त्याच्याकडे आला. फोल्डर बांधून एक गठ्ठा करायचं काम ‘टार’चं. वरिष्ठांनी फोनवर सांगितलं, “टार, सी-एफ-व्ही, मग बॅकअपचं नाव, मग फोल्डर.” सी म्हणजे गठ्ठा तयार कर, एफ म्हणजे पुढे त्याचं नाव, व्ही म्हणजे काय करतोयस ते बोलून दाखव. त्यानं ओळ लिहिली. ऑप्शनआधी हायफन घालायची शिस्त कॉलेजात शिकलेली, म्हणून न सांगितलेला हायफनही आपणहून घातला. ओळ रात्री दीडला आपोआप चालायला लावली आणि विसरून गेला.

तीन आठवड्यांनी एक फाइल परत काढायची वेळ आली. बॅकअप या नावाचं तिथे काहीच नव्हतं. ‘व्ही’ एवढंच नाव असलेली एक अगडबंब फाइल मात्र होती, आदल्याच रात्रीची. तिला त्यानं ओळखलं. आधीच्या दोन सोमवारी ती दिसली होती आणि कुणाचा तरी कचरा समजून त्यानं स्वतःच्या हातानं पुसली होती.

वरिष्ठ चुकीचं बोलले नव्हते, आणि हायफन ही काही मोठी चूक वाटत नाही. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर आलेल्या ‘टार’ला दोन बोली येतात. जुन्या बोलीत अक्षरांचा घोळका हायफनशिवाय लिहायचा. त्यात ज्या-ज्या अक्षराला व्हॅल्यू लागते, ती पुढच्या शब्दांतून ओळीनं उचलली जाते. त्यामुळे सी-एफ-व्ही म्हणा की सी-व्ही-एफ, बिघडत नाही. हायफन लावला की नवी बोली सुरू होते, आणि तिथे व्हॅल्यू मागणारं अक्षर आपल्याला लागून जे काही उरलं असेल ते आधी खातं. एफच्या मागोमाग व्ही होता. एफनं तोच गठ्ठ्याचं नाव म्हणून घेतला. बॅकअप हे नाव मग गठ्ठ्यात भरायची एक फाइल ठरलं. ती कुठेच सापडेना, म्हणून ‘टार’नं तशी तक्रार केली, बाकी फोल्डर इमानदारीनं बांधला आणि शेवटी चूक झाल्याचा निरोप दिला. तक्रार जायची ती अशा एका मेलपेटीत, जी कुणी उघडत नव्हतं. पाहिजे ती फाइल ‘व्ही’तून निघाली हे नशीब.

या खाण्यामागे नियम आहे, आणि तो समजला की अर्ध्या चुका आधीच दिसतात. सी भाषेतल्या प्रोग्रामांसाठी बेल लॅब्जच्या युनिक्समध्ये १९८० च्या सुमारास ‘गेटऑप्ट’ नावाचं छोटं फंक्शन आलं. तोपर्यंत जो तो आपल्या प्रोग्रामात ऑप्शन वाचायचा कोड आपल्या मनानं लिहायचा. १९८५ मध्ये डॅलसच्या युनिफोरम परिषदेत एटी अँड टीनं या फंक्शनचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला आणि ती रीत गावोगाव पसरली. गेटऑप्टला अक्षरांची एक माळ द्यायची. अक्षरापुढे कोलन असेल तर त्याला व्हॅल्यू हवी. नसेल तर ते एकटंच पुरेसं. कोलनवालं अक्षर भेटलं की गेटऑप्ट पाहतो: याच तुकड्यात पुढे काही शिल्लक आहे? आहे तर ती व्हॅल्यू. नाही तर पुढचा अख्खा तुकडा व्हॅल्यू, मग तो हायफननं सुरू होत असला तरी. एवढंच. समजूतदारपणाचा कुठे लवलेश नाही. म्हणून व्हॅल्यू मागणारं अक्षर घोळक्याच्या शेवटी ठेवायचं. आता तो नेहमी सी-व्ही-एफ लिहितो.

व्हॅल्यू हवीच अशी अक्षरं निदान सरळ वागतात. खरा घोळ ‘दिली तर घेईन, नाही दिली तरी चालेल’ म्हणणाऱ्यांचा. मायएसक्यूएलचा क्लायंट चालवताना पासवर्डसाठी हायफन-पी लिहितात. पासवर्ड नाही दिला तर प्रोग्राम विचारून घेतो. द्यायचा असेल तर पीला लागूनच द्यायचा, मध्ये जागा सोडली की तो शब्द पासवर्ड राहत नाही, डेटाबेसचं नाव होतो. टाळेबंदीत कंपनीच्या एका नव्या मुलीला हे फोनवरून सांगताना तो अडला. “जोडून लिही,” “चिकटवून लिही,” असं तीनदा सांगूनही मध्ये जागा पडतच होती. शेवटी त्यानं विचारलं, “‘घरावर’ कसं लिहितेस? ‘घरा’ आणि ‘वर’ वेगळं लिहितेस का?” ती नांदेडची. हसली, आणि ओळ चालली. हिंदीत ‘घर पर’ सुटं लिहितात. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं हे पाचवी-सहावीत लाल शाईनं शिकवलेलं असतं. मायएसक्यूएलचा पी मराठी वळणाचा आहे, इतकंच. (पासवर्ड असा ओळीत लिहूच नये, तो यंत्रावरच्या इतरांनाही दिसू शकतो, हे त्यानं मग वेगळं सांगितलं.) पॉझिक्सच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असली ऐच्छिक व्हॅल्यू ठेवू नका असंच म्हटलं आहे. ऐकतो कोण.

लहान-मोठ्या अक्षरांचा जाचही आहेच. एसएसएचला पोर्ट सांगायचा तर लहान पी. त्याच घरातल्या, फाइलींची ने-आण करणाऱ्या एससीपीला मोठा पी. कारण एससीपीनं आपल्या आधीच्या आरसीपीकडून लहान पी वारशानं घेतला होता, फाइलीची जुनी तारीख-वेळ जपण्यासाठी. तो मोडता येईना. ज्याच्या लिपीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत त्यानं हे पाठ करायचं.

आणखी एक फजिती त्या पावसाळ्यातलीच. एका ग्राहकाला कमांड वर्डच्या फाइलीत लिहून पाठवली. वर्डनं दोन हायफन पाहिले आणि सुबक दिसावं म्हणून त्यांचा एक लांब डॅश करून टाकला. ग्राहकानं तशीच उचलून चिकटवली. प्रोग्राम म्हणाला, या नावाची फाइल नाही. बरोबरच होतं त्याचं. लांब डॅश हा त्याच्या लेखी ऑप्शनचा दरवाजा नव्हे, नावातलं पहिलं अक्षर. दोन्हीकडे चांगले तीन तास गेले.

फाइलचं नावच हायफननं सुरू होत असेल तेव्हा काय होतं, ते ऑगस्टमध्ये दिसलं. चाचणीच्या सर्व्हरवर कुणाच्या तरी चुकीतून ‘हायफन-आर’ अशा नावाची एक फाइल तयार झाली होती. एका सहकाऱ्यानं त्या फोल्डरमधल्या फाइली पुसायला ‘आरएम’ आणि चांदणी दिली. नुसता आरएम फोल्डरांना हात लावत नाही, म्हणून तो निर्धास्त होता. पण चांदणीच्या जागी शेलनं नावं भरली, त्यांत हायफन-आरही आलं, आणि आरएमच्या हाती पडलेल्या माळेत ते नाव आहे की ऑप्शन हे सांगणारी खूण कुठलीच नव्हती. आर म्हणजे आतल्या फोल्डरांसकट. फोल्डरही गेले. ते नाव माळेच्या मध्ये कुठेतरी होतं. कडक पॉझिक्स रीतीत तिथे त्याला ऑप्शन मानलं नसतं. ग्नूच्या मोकळिकीनं शोधून काढलं. गंमत म्हणजे ती हायफन-आर नावाची फाइल तेवढी शाबूत राहिली.

यावर तोडगा जुनाच आहे. नुसते दोन हायफन, पुढे काही नाही. त्यांचा अर्थ: ऑप्शन इथे संपले, यापुढे जे येईल ते नावच समज, कसंही दिसलं तरी. नाहीतर नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ द्यायची, म्हणजे ते हायफननं सुरूच होत नाही. इंझोरीकरानं त्या दिवसापासून आपल्या सगळ्या स्क्रिप्टांमध्ये आरएमनंतर दोन हायफन घालायला घेतले. दोन दिवस लागले. कुणी शाबासकी दिली नाही, द्यायचं कारणही नव्हतं.

ऑक्टोबरात सोयाबीन निघालं. चुलतभाऊ आणि त्याचे पाच-सहा जोडीदार एकच छोटा हत्ती ठरवून कारंज्याच्या बाजार समितीत माल न्यायचे. कुणाचे चार कट्टे, कुणाचे अकरा. ओलावा वेगळा, भाव वेगळा. वर हमाली, तोलाई. संध्याकाळी कुणाच्या हातात किती पडायला हवेत यावरून पारावर रोज घोळ. “दादा, तू कॉम्प्युटरवाला ना, यायचं काही कर.” चुलतभाऊ कारंज्याला कॉलेजात, त्याच्याकडे जुना लॅपटॉप होता आणि त्यावर उबुंटू. इंझोरीकरानं ठरवलं की प्रोग्राम छोटा, कमांड लाइनवरचा आणि ऑप्शन मराठीतले.

हौस म्हणून पहिला प्रयत्न सी भाषेत केला. भावासाठी ‘-भ’. युटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एक ‘भ’ तीन बाइटांचा होतो आणि गेटऑप्ट अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो. त्याला एकाच्या जागी एकामागून एक तीन ऑप्शन दिसले, आणि प्रोग्रामला त्यांतला एकही ओळखता आला नाही. भावाचा आकडा देवनागरीत लिहिला तर सीच्या जुन्या ‘एटूआय’ फंक्शननं त्याचा शून्य केला. क्विंटलला शून्य रुपये. चुलतभाऊ म्हणाला, “हे तं व्यापाऱ्यानंच बनवलं वाटते.”

मग पायथन. पायथनमध्ये २०१० च्या २.७ आवृत्तीबरोबर ‘आर्गपार्स’ आलं. त्याला ‘--भाव’, ‘--वजन’, ‘--ओलावा’, ‘--हमाली’ अशी नावं दिली तर त्यानं मुकाट स्वीकारली. देवनागरी आकडेही चालले: पायथनचा ‘इंट’ ३८८० आणि इंग्रजी आकड्यांतली तीच संख्या यांत भेद करत नाही. (त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,८८० रुपये होता, म्हणून चाचणीला तोच आकडा घेतला.) पडद्यावर मात्र मराठी धड दिसत नव्हती. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं, त्यात काना-मात्रा आपली जागा सोडून बसतात. पोरांनी ते चालवून घेतलं.

ओलाव्याची व्हॅल्यू न दिल्यास १२ टक्के धरायची, असं त्यानं ठेवलं. सरकारी खरेदीची मर्यादा तेव्हा तीच होती. ‘--पावती’ हा ऑप्शन मात्र त्यानं घाईत लिहिला: व्हॅल्यूचा प्रकार हो-नाहीचा, म्हणजे पायथनचा ‘बूल’. पहिल्याच दिवशी चुलतभावानं ‘--पावती नाही’ असं लिहिलं आणि पावती आली. पुन्हा ‘नाही’ लिहिलं, पुन्हा आली. बूल शब्दाचा अर्थ पाहत नाही; शब्द रिकामा आहे की नाही एवढंच पाहतो. ‘नाही’ हा भरलेला शब्द, म्हणून त्याचं उत्तर ‘हो’. त्यानं व्हॅल्यूच काढून टाकली. ऑप्शन लिहिला तर पावती, नाही लिहिला तर नाही.

दोन आठवडे सुरळीत गेले. मग गाडीभाड्यावरून कुरबुर सुरू झाली: ज्याचे चार कट्टे त्यानं अकरावाल्याइतकंच भाडं का द्यायचं? त्यानं रात्री बसून वजनाप्रमाणे भाड्याची वाटणी घातली, ‘--भाडे’ नावाचा ऑप्शन वाढवला, आणि फाइल पाठवून झोपला. सकाळी साडेसातला फोन. मागे बाजाराचा गलका.

“दादा, काल तं चालत होतं. आज काऊन चालून नाही रायलं?”

त्यानं कमांड वाचून दाखवायला सांगितली. भावासाठी चुलतभाऊ ‘--भाव’ लिहीतच नव्हता. पंधरा दिवस तो ‘--भा’ एवढंच लिहीत आला होता. आर्गपार्स, ग्नूच्या लांब ऑप्शनांसारखंच, अर्धं नावही ओळखतं, फक्त ते दुसऱ्या कुणाचं अर्धं नाव असता कामा नये. काल ‘भा’नं सुरू होणारं एकच नाव होतं. आज दोन झाली, आणि प्रोग्राम म्हणत होता की हे ‘भाव’ही असू शकतं आणि ‘भाडे’ही. जुन्या ऑप्शनला त्यानं बोटही लावलं नव्हतं. नवं नाव शेजारी येऊन बसलं आणि जुन्याचं टोपणनाव गेलं. वर्गात दुसरा संतोष आला की पहिल्याला आडनावासकट हाक मारावी लागते, तसं.

अर्धी नावं ओळखणं बंद करायची सोय आर्गपार्समध्ये ३.५ या आवृत्तीपासून आहे. ती आधीच वापरायला हवी होती असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात हेही वाटलं की मग चुलतभावाला पंधरा दिवस एकेक अक्षर जास्त टंकावं लागलं असतं. फोनवर त्यानं एवढंच सांगितलं, “पूर्ण लिही.” दुपारी ‘--भाडे’ बदलून ‘--गाडीभाडे’ केलं. ‘--भा’ पुन्हा चालू झालं. सर्व्हरवर असलं काही त्यानं केलं नसतं. तिथे नाव एकदा दिलं की कायमचं, कारण कुठल्या कोपऱ्यातल्या स्क्रिप्टमध्ये कुणी ते लिहून ठेवलंय याचा पत्ता नसतो. इथे वापरणारे सहा जण होते आणि सहाही जण पारावर भेटायचे.

दिवाळीनंतर एक स्क्रीनशॉट आला. चुलतभावाच्या जोडीदारानं, ज्यानं आधी कधी काळी खिडकी पाहिली नव्हती, ‘--मदत’ असं लिहिलं होतं, आणि प्रोग्रामनं इंग्रजीत सांगितलं होतं की असला ऑप्शन मला माहीत नाही. आर्गपार्स मदतीचं पान आपोआप तयार करतं, पण त्याला हाक मारायची इंग्रजीत. इंझोरीकरानं त्या रात्री एक ओळ वाढवली: ‘--मदत’ आल्यावरही तेच पान उघड. प्रत्येक ऑप्शनपुढे मराठीत एकेक वाक्य लिहिलं. गच्चीवर थंडी होती, रेंज बरी होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्क्रीनशॉट. मदतीचं पान नीट उघडलं होतं. तिसऱ्या ओळीतल्या ‘ओलवा’ या शब्दाभोवती लाल गोल काढलेला होता, आणि खाली लिहिलं होतं, “दादा, काना राह्यला.”